उस्तादांच्या पोटातला फुगा

दि. ७ एप्रिल, गुरुवार
दवाखाना, दुसरा मजला, बाहेरचा बाक

प्रिय भिंगरी,

कशी आहेस? पेपर कसे चाललेत? वेळेवर जेवतेस ना? मी मजेत.

हे लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मी मजेत वगैरे काही नाही. आणि हे पत्र तू पेपर संपल्यावरच वाचणार आहेस, म्हणजे ते कसे चाललेत हे विचारण्यातही अर्थ नाही.

तुझे बाबा दवाखान्यात आहेत. घाबरू नकोस. शुद्धीत आहेत, बोलताहेत, नको तितकं बोलताहेत. पण पोटात थोडा पू झालाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अठ्ठेचाळीस तास सलाइनमधून औषध देऊन बघू, ताप उतरला तर ठीक, नाही तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. त्यातले चाळीस तास उलटलेत. ताप अजून एकशे एकवर बसलाय, खुर्ची सोडायला तयार नाही.

तू फोन कुलपात ठेवलायस, आणि ठेवला नसतास तरी मला फोन करायला बंदी आहेच. ‘फोनवर तू भांडतोस, कागदावर माणसासारखा वागतोस’ हे तुझेच शब्द. तेव्हा बघ, किती माणसासारखं लिहितोय.

काय झालं ते सांगतो. सोमवारी सकाळी तुझे बाबा, आमचे उस्ताद, सायकलच्या दुकानात एका चाकाचे आरे ताणत बसले होते. मध्येच हात थांबला. म्हणाले, “डावीकडं, खाली दुखतंय रे.” आणि त्या जागेवर बोट ठेवलं. तळहात नाही, एकच बोट. मी म्हटलं गॅस असेल. त्यावर ह्या माणसानं काय करावं? शर्ट वर केला आणि पंक्चर सापडलं की ट्यूबवर आपण ज्या पिवळ्या खडूनं फुली मारतो, त्याच खडूनं स्वतःच्या पोटावर फुली मारली. “आता कळेल. दुखणं सरकलं तर गॅस. नाही सरकलं तर पंक्चर.”

सरकलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी टायर आणायला गेलो होतो तो परत आलो. (सोमवार आणि त्या संध्याकाळच्या मधलं फारसं सांगण्यासारखं नाही.) शटर अर्धं खाली. आत उस्ताद बुटक्या स्टुलावर घडी घातल्यासारखे बसलेले, चेहरा राखेसारखा, दात वाजताहेत. हात लावला तर अंग तव्यासारखं. गाडी बोलावली, ती येईना. मग दुरुस्तीला आलेली ती तीनचाकी मालवाहू सायकल होती ना, पुढे पेटी असलेली, तिच्यात गाद्यांचा फोम टाकला, त्यांना आत बसवलं आणि हाणली. पेटीत पोट धरून बसलेला माणूस मला काय सांगत होता? “चेन ढिली आहे. ताण बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, किती वेळा सांगितलं?”

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “येताना खड्ड्यात गाडी आदळली की दुखत होतं का?” म्हणजे पोटातलं अस्तर चिडलंय का, ते त्यावरून कळतं म्हणे.

“अकरा वेळा,” उस्ताद म्हणाले.

“मोजलेत?”

“सगळे. नववा टाळता आला असता.” आणि माझ्याकडे बघितलं.

नर्सनं शर्ट वर केला तर पिवळी फुली. “हे काय?” “पंक्चर.” तिला हसू आवरेना. बाईंनी फुलीवर हळूच दाबलं, आणि त्यानंतर कुणी हसलं नाही.

रक्त तपासलं, स्कॅन केला. डायव्हर्टिक्युलायटिस. मला तिसऱ्या प्रयत्नात म्हणता आलं. उस्ताद अजून त्याला ‘ते लांबलचक’ म्हणतात. पण समजलं मात्र त्यांना माझ्याआधी. बाईंनी कागदावर मोठं आतडं काढलं आणि भिंतीला बाहेरच्या बाजूनं बारीक बारीक पिशव्या काढल्या. उस्ताद म्हणाले, “हां. टायरला फुगा येतो तसा. कापड विरलं की आतली ट्यूब तिथनं डोकं काढते.”

“अगदी तसंच,” बाई म्हणाल्या. “आणि असे नुसते फुगे वय झालं की पुष्कळांना असतात. जन्मभर पत्ताही लागत नाही. त्यातला एखादा सुजला, जंतू वाढले, की हे असं होतं. तुमचा एक किंचित झिरपलाय. शेजारी दोन सेंटिमीटर पू दिसतोय.”

“मग पॅच मारायचा?”

“पॅच नाही. आतड्याला विश्रांती दिली, जंतू मारले, की बहुतेक वेळा ते आपलं आपण भरून येतं. नाहीच आलं तर खराब तुकडा काढून दोन टोकं जोडायची.”

उस्तादांनी छताकडे बघितलं. “जोड नको,” एवढंच म्हणाले. आणि बाई गेल्यावर माझं मनगट धरलं. “तिला पेपर संपेपर्यंत एक अक्षर कळवायचं नाही. हिच्या आजारपणात पोरीचं एक वर्ष गेलं. दुसरं जाऊ द्यायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ.”

तुझ्या आईचं नाव निघालं की मला उलटून बोलता येत नाही. म्हणून पत्र लिहितोय, पण पेटीत टाकणार नाही. शपथ न कळवण्याची आहे, न लिहिण्याची नाही.

नर्स थर्मामीटर घेऊन चाललीय. थांबतो. मी उभ्या जन्मात सरांना घाबरलो नाही, प्राचार्यांना नाही, तुला थोडासा, पण त्या काचेच्या काडीला घाबरतोय.

भडकू


दि. १० एप्रिल, रविवार
तोच बाक

प्रिय भिंगरी,

उतरला! गुरुवारी चार वाजता शंभर, शुक्रवारी सकाळी नव्व्याण्णव, काल साडेअठ्ठ्याण्णव आणि आजही तेवढाच. पोटही मऊ पडलंय. ऑपरेशन नाही. पू एवढा लहान आहे की औषधानंच जिरेल, सुई घालून काढायची गरज नाही म्हणाल्या. मी आनंदानं असा ओरडलो की शेजारच्या कॉटवरचे आजोबा उठून बसले आणि “कोण गेलं?” म्हणून विचारू लागले.

माझा पराक्रमही सांगून टाकतो, नाही तर आत्या सांगेलच. पहिले दोन दिवस तोंडानं काही नाही. मग शुक्रवारी वाटीत गाळलेलं सूप आलं. तळ दिसत होता गं! एक दाणा नाही, एक फोड नाही. माझं डोकं सटकलं. मी खाली स्वयंपाकघरात जाऊन गरजलो, “माणसाला जेवण देता की वाटी विसळून देता?” तिथल्या बाईंनी शांतपणे भिंतीवरचा कागद दाखवला. उस्तादांच्या नावापुढे ‘फक्त पातळ, गाळलेले’ लिहिलं होतं. सुजलेल्या आतड्याला काम द्यायचं नाही, म्हणून मुद्दाम. मी माफी मागितली. आता त्या मला बघितलं की मोठ्यानं विचारतात, “काय साहेब, आज तळ दिसतोय का?” आमच्याच दुकानात मला ‘कॉलेजवाले’ म्हणतात तेवढं पुरे नव्हतं बहुतेक.

आत्या रोज दुपारी येते. उस्तादांना सगळ्यांसमोर ‘बाळ्या’ म्हणते. अठ्ठावन्न वर्षांचा बाळ्या! नर्सही आता तेच म्हणायला लागल्यात. “बाळ्या, पाय हलव. बाळ्या, जिरं पडलंय का बघ त्यात.” उस्ताद डोळे मिटून पडून राहतात, पण मला ठाऊक आहे, आतून त्यांना बरं वाटतं.

आता तुला एक कबुली द्यायचीय.

सोमवारी दुपारी उस्ताद म्हणाले, दोन दिवस पोट साफ नाही. मी विचार केला दुकानातला. व्हॉल्व्ह चोंदला तर आपण काय करतो? दाब देतो. मोबाइलवर वाचलं, आतड्यांना चोथा चांगला. झालं. मी त्यांना कोंडा घातलेलं दूध, वाटीभर मोड आलेली कडधान्यं आणि दोन कच्ची गाजरं खायला लावली. वर म्हटलं, “दाबानं निघेल सगळं.” ते बिचारे मुकाट्यानं चावत राहिले. तुझे बाबा माझ्या हातचं कधी नाही म्हणत नाहीत, हाच त्यांचा दोष. आणि पाठीसाठी माझ्या खणात ज्या सुजेवरच्या गोळ्या असतात, त्यातल्या चार दिल्या. दोन लगेच, दोन रात्री घ्या म्हटलं.

काल डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. मान खाली घालून, कॉलेजात कधी घातली नव्हती एवढी. त्या म्हणाल्या, “चोथा वाईट नाही, वेळ वाईट होती. दुखणं भरात असताना हलकंच खायचं. बरं झाल्यावर हळूहळू चोथा वाढवायचा, तो पुढचे हल्ले टाळायला मदत करतो. तुमच्या गाजरानं हे झालेलं नाही. त्या गोळ्या मात्र नको होत्या. ह्या आजारात त्यांनी आतडं फाटायचा धोका वाढतो. साधी तापाची गोळी चालते, त्या नाही.”

मी विचारलं, “मग ह्या सगळ्याला जबाबदार कोण?”

“जबाबदार शोधायला मी पोलिसात नाही,” बाई म्हणाल्या. आणि मग आणखी एक वाक्य बोलल्या, ते आज लिहीत नाही.

उस्ताद आज पहिल्यांदा खिडकीपर्यंत चालले. सलाइनचा खांब ढकलत होते. मध्येच खाली वाकून त्याच्या चाकांकडे बघितलं. “बेअरिंग गेलंय ह्याचं.” मग तिथेच उभं राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, “टायर कुठे ठेवलेस रे? मंगळवारी आणलेस ते.”

मी म्हटलं, “मिळाले नाहीत.”

“अस्सं,” म्हणाले.

हे पत्रही पेटीत टाकत नाही.

भडकू


दि. २२ एप्रिल, शुक्रवार
दुकान

प्रिय भिंगरी,

सोमवारी तुझा शेवटचा पेपर. आज टाकलं तर तो संपता संपता तिन्ही पत्रं तुझ्या हातात पडतील. शपथ पाळली. आता मला हवी तितकी शिव्यांची लाखोली वाहा.

आधी तब्येत. उस्ताद अकरा दिवसांपूर्वी घरी आले. गोळ्यांचा कोर्स संपला. ताप नाही, दुखणं नाही. पहिला आठवडा पांढरा पाव, उकडलेलं अंडं, कुस्करलेला बटाटा. आता रोज थोडा थोडा चोथा वाढतोय. सकाळी ओट्स, दुपारी दोन चमचे शिजवलेला घेवडा, साल काढलेलं नासपती. आत्या टोमॅटोतली एकेक बी चमच्यानं काढत होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं की बिया त्या पिशव्यांत जाऊन अडकतात. परवा तपासणीला गेलो तेव्हा बाई हसून म्हणाल्या, “ती जुनी समजूत. बिया, दाणे सगळं चालेल.” आत्या दाराबाहेर आली. मग म्हणाली, “मग आठ दिवस मी काय मोती निवडत होते?”

पाण्याचं असं आहे. दुकानात मोरी नाही, म्हणून तुझे बाबा सकाळी एक ग्लास पिऊन थेट घरी येऊन दुसरा प्यायचे. दिवसभर रोखून धरायचे. वीस वर्षं! मला चार वर्षांत एकदाही हे दिसलं नाही, आणि मी स्वतःला त्यांच्या घरातला समजतो. आता शेजारच्या चष्म्याच्या दुकानामागच्या मोरीची किल्ली मिळवलीय. भिंतीवर सायकलचा बाटलीचा पिंजरा ठोकलाय, स्टुलाशेजारी. बाटली रिकामी झाल्याशिवाय मी त्यांना पाना देत नाही. आणि रोज अर्धा तास चालायचं. जन्मभर चाकं फिरवलेला माणूस, चालताना तोंड असं करतो की जणू कुणी सायकल चोरून नेलीय.

आता ते बाईंचं वाक्य. “एक दिवस आधी आला असतात तर कदाचित गोळ्यांवर घरीच भागलं असतं.”

तो एक दिवस मी घालवला, भिंगरी.

सोमवारी संध्याकाळी उस्ताद मला म्हणाले होते, “उद्या जरा चल माझ्याबरोबर दवाखान्यात.” मी “हो” म्हटलं. आणि मंगळवारी पहाटेच्या बसनं तुझ्या गावी आलो. टायरबियर सगळं खोटं. तुझं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं. त्याआधीचं दोन पानी. मी त्या चार ओळी इतक्या वेळा वाचल्या की त्यात नसलेलंही सगळं दिसायला लागलं. म्हटलं जाऊन भेटावं, अचानक, हसशील.

तुझ्या वसतिगृहासमोर मी अडीच तास उभा होतो. अकराच्या सुमाराला तू बाहेर आलीस. तुझ्याबरोबर एक निळ्या शर्टातला होता, तुझी पुस्तकं त्याच्या हातात होती. तू मान मागे टाकून हसलीस, तीनदा. तो कोण हे मी विचारत नाही. (विचारतोय असं वाटलं तर ही ओळ खोडून टाक.) मी हाक मारली नाही. भिंतीला लाथ मारली. अंगठा अजून काळा आहे. पुढच्या बसनं परत फिरलो आणि वाटभर तुला लिहायचं पत्र मनात रचत होतो. काय काय लिहिणार होतो ते आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात. आणि मी ते रचत होतो त्या वेळी तुझे बाबा माझी वाट बघत स्टुलावर बसलेले होते. गिऱ्हाईक आलं तर उठत होते. मला फोन केला नाही त्यांनी. पोरगा कामात असेल, म्हणे.

परवा त्यांनी मला पकडलं. चाक फिरवत बसले होते, मान वर न करता म्हणाले, “तुझा शर्ट आत्यानं धुतला. खिशात बसची दोन तिकिटं होती.”

मग मी सगळं सांगितलं. तुझं-माझंही सांगितलं. त्यावर म्हणाले, “ते काय सांगतोस? दोन वर्षं दर रविवारी तिची सायकल पुसतोस, वंगण घालतोस. चालवायला कुणी नाही. मी आंधळा आहे का?”

मी म्हटलं, “मला एक लावा तरी.”

“मला वजन उचलायला बंदी आहे,” म्हणाले. मग चाक थांबवलं. “हे बघ. तू आला नाहीस तर मी एकटा जाऊ शकत होतो. आत्या दोन घरं सोडून राहते. पण पोरीची आई गेल्यापासून दवाखान्याची पायरी चढायला माझे पाय नको म्हणतात. तू दिसला नाहीस तेव्हा मला जरा बरंच वाटलं. आज टळलं, असं. तेव्हा सगळी चूक एकट्याची म्हणून छाती पिटू नकोस, अर्धी माझी आहे. पण पोरीला सांग. तू सांग. मी सांगायच्या आत.”

म्हणून सांगितलं. ह्यानंतर तू मला चार ओळीही लिहिणार नाहीस, हे धरून चाललोय. मला राग आला की मी निघून जातो. कॉलेजातून निघून आलो, तुझ्या दारातून निघून आलो. दोन्ही वेळा वाटलं होतं, आपण किती ताठ. आता वाटतं, कुणीतरी ‘चल माझ्याबरोबर’ म्हटलं की तिथं थांबायचं असतं, एवढीच साधी गोष्ट मला जमत नव्हती.

एकोणीस मेला, गुरुवारी सकाळी सात वाजता, दुर्बिणीनं आतडं तपासायचंय. सूज असताना करत नाहीत. त्यात आत हवा भरतात आणि फुगा आलेल्या टायरात कुणी हवा भरत नाही. म्हणून सहा आठवडे थांबायचं. आत दुसरं काही लपलेलं नाही ना, हे एकदा बघून घेतलंच पाहिजे, असं बाई म्हणाल्या. बहुतेक काही नसेल. बहुतेक हा शब्द मला आवडत नाही, पण त्या तोच वापरतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचंय, ते कसं लागतं हे उस्ताद नंतर तुला साग्रसंगीत सांगतीलच.

गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून पेशंटला एकट्याला सोडत नाहीत. एक फॉर्म आहे. ‘रुग्णास घरी नेणारी जबाबदार व्यक्ती’ आणि पुढे ‘नाते’. उस्तादांनी तो माझ्यापुढे सरकवला. “लिही.” मी नाव लिहिलं. नात्यापाशी पेन थांबलं. ते म्हणाले, “राहू दे रिकामं. तेवढं तिला विचारून भरू.”

तू तोवर घरी आलेली असशील. आत तू जा, त्यांचा हात तू धर, बाईंशी तू बोल. माझं नाव खोडून तुझं लिही, तुझाच हक्क आहे. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस तरी चालेल. पण सातच्या आधी मी दवाखान्याच्या पायरीशी असेन, कारण ती पायरी चढताना त्यांचे पाय नको म्हणतात. आणि संपेपर्यंत तिथून हलणार नाही. तू रागावलीस तरी नाही. मी रागावलो तरी नाही.

कळावे,

जबाबदार व्यक्ती
(नाते: रिकामे)